नसलेल्या मुलाची गिटार

मार्च लागला की आमच्या सोसायटीचा आवाज आपोआप खाली येतो. एरवी जुईनगरच्या या इमारतींमध्ये संध्याकाळी इतका गलका असतो की कुकरची शिट्टी आपल्या घरातली की शेजारची, तेही कळत नाही. पण मार्चमध्ये लोक लिफ्टचं दार हाताने धरून हळू लावतात. पार्किंगमधलं क्रिकेट बंद होतं. कुणी मोठ्याने हसलं तर वरून 'शूऽऽ' येतं, आणि खालचा माणूस ओशाळून विचारतो, "तुमच्याकडे आहे का यंदा?" काय आहे ते सांगावं लागत नाही. पूर्वी घरात गोवर-कांजिण्या असायच्या, तशी आता दहावी असते नाहीतर बारावी असते.

यंदा समोरच्या फ्लॅटमध्ये आहे. परवा सकाळी ऑफिसला निघाले तेव्हा तिथली मुलगी दारात उभी होती. हातात पेनं ठेवलेली पारदर्शक पिशवी, केस ओले, चेहरा पांढराफटक. तिची आई तिच्या तळहातावर दही-साखर ठेवत होती. मी "ऑल द बेस्ट गं" म्हटलं आणि जिना उतरायला लागले. लिफ्टची वाट बघत तिथे उभं राहवेना. ती पारदर्शक पिशवी दिसली की माझी मान मागून तापायला लागते. माझ्या मुलीची परीक्षा कधीच होऊन गेली. तापतं ते दुसऱ्याच कारणाने.

सई आमची एकुलती एक. ती झाली तेव्हा देवरुखहून सासूबाई आल्या होत्या. निघताना त्यांनी "अजून एकदा बघा" असं सुचवून पाहिलं. विलास, माझा नवरा, तेव्हा पावणे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत नुकताच सुपरवायझर झाला होता. तो म्हणाला, "आई, आम्हाला पुरे." मीही तेच म्हणाले, आणि पुढे कितीतरी हळदीकुंकवांत तेच म्हणत आले. बायका विचारायच्या, "एकच का?" मी म्हणायचे, "एकच, आणि मुलगी." त्या 'आणि मुलगी'त एक तोरा होता. मला तो फार आवडायचा. अंगावर चांगली साडी असावी तसा तो मी मिरवायचे.

मी उरणच्या बाजूला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. बंदरातून आलेले कंटेनर तिथे उघडतात, माल उतरतो, पुन्हा ट्रकमध्ये चढतो. खेळणी, फरशा, पंख्यांची पाती, काय वाट्टेल ते. सईच्या बारावीच्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका कंटेनरमधून इलेक्ट्रिक गिटारी आल्या. नवशिक्यांसाठीच्या, स्वस्तातल्या. एका खोक्याचा कोपरा फुटला होता, म्हणून आतला माल शाबूत आहे का ते बघायला मी खाली गेले. थर्माकोलचे दाणे, पॉलिशचा झणझणीत वास, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक काळी गिटार. नुसतं बघून चाललं असतं. मी ती उचलली. मला वाटलं होतं पोकळ, हलकी असेल. ती जेवायच्या लाकडी पाटासारखी भरीव होती. तारा सैल होत्या. एक तार अंगठ्याने ओढली. आवाज असा आलाच नाही, पण तो थरथराट माझ्या पोटाला कळला. कानाला नाही, पोटाला. मी तिथेच उभी राहिले.

"म्याडम, होऊन जाऊ द्या एक!" फोर्कलिफ्टवरचा माणूस ओरडला आणि सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. मीही हसले. पण गिटार मी अशा घाईने खोक्यात कोंबली, जणू कुणाच्या घरात शिरून काहीतरी उघडताना पकडली गेले होते.

पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला काय हवंसं वाटावं, हे जवळपास ठरलेलं आहे. साडी चालते, सोनं चालतं, अष्टविनायकाची ट्रिप चालते. हार्मोनियम शिकायची म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, वा, भजनी मंडळात उपयोग होईल. इलेक्ट्रिक गिटारचा कुणाला काय उपयोग? स्टाफच्या बसमध्ये मी मोबाइलचा आवाज बंद करून गिटारींचे व्हिडिओ बघायला लागले. बाजूची बाई वळली की पटकन कोबीच्या वड्यांची रेसिपी लावायचे. घरात कुणी मला अडवलं नसतं. मी विचारलंच नव्हतं. विचारायचं म्हणजे 'मला हवंय' हे शब्द तोंडातून काढायचे, आणि ते निघत नव्हते.

सईचं परीक्षा केंद्र वाशीला आलं. मी पेपरांच्या दिवशी रजा टाकली. तिला गेटमधून आत सोडलं की बाहेर आम्हा पालकांचं एक वेगळंच केंद्र भरायचं. झाडाखाली वर्तमानपत्रं पसरून आया बसायच्या. एक बाई अखंड ओठ हलवत जप करायची. एक वडील पेपर संपेपर्यंत बसतच नसत. आपण बसलो तर पोरगा आत काहीतरी विसरेल, अशा चेहऱ्याने उभे असत. पहिल्या पेपरला मीही रुमाल पसरून बसले. थोड्या वेळाने उठले. "जरा बाजारात जाऊन येते," असं शेजारच्या बाईला म्हणाले.

दोन गल्ल्या सोडून वाद्यांचं दुकान होतं. बाहेर ढोलक्या टांगलेल्या, आत एसीचा गारवा आणि भिंतभर गिटारी. मालक गावंडभाऊ, खाडीकाठच्या गावातले. शहर वसवायला शेतं घेतली गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत झाली, वरचे मजले भाड्याने आणि खाली हे दुकान. तरुणपणी ते हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो वाजवायचे. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, आणि बोटं मात्र बारीक, सतत काउंटरवर काहीतरी वाजवत असलेली.

"या म्याडम. पोरगा वाजवतो काय?"

मी मान हलवली. "हो."

इतकंच झालं. मी काही रचलं नव्हतं. त्यांनी एक दार उघडून धरलं आणि मी आत गेले.

"कितवीला हाय?"

"बारावीला. आत्ता पेपर चाललाय त्याचा."

"त्याचा." ते किती सहज आलं तोंडातून! आणि पेपर तर खरोखरच चालू होता, त्यामुळे आवाज जरासुद्धा कापला नाही.

"मंग तो येयाच्या आधी तुमीच शिकून घ्या," गावंडभाऊ म्हणाले. "नायतर चकाचक रंग बघशाल आन फसशाल. स्वस्तातली गिटार वाईट नसते. पन दहातल्या दोन चांगल्या निंगतात, आन त्या दोन हाताला कलतात, डोल्याला नाय."

त्यांनी काउंटरवर टॉवेल पसरला, त्यावर एक लालभडक गिटार आडवी ठेवली, आणि मला डोळे मिटून तिच्या दांड्याच्या कडेवरून तळहात फिरवायला सांगितला. दांड्यावर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्यांची टोकं बाहेर आली होती. मासा साफ करताना हात खवल्यांच्या उलट गेला की जसं लागतं, तसं लागलं. मी हात मागे घेतला.

"बघा! रंग कसा, नवरीवानी. आन कडेला करवत. लाकूड सुकला का ह्या पट्ट्या बाहेर येतात. घासल्या नाय तर पोराचा हात रगताल होल."

त्या दिवशी मी केंद्रावर परतले तेव्हा तळहातावर एक लाल रेघ होती. सई बाहेर आली, म्हणाली, "सोपा होता." मी तिला लिंबू सरबत पाजलं आणि ती रेघ मुठीत ठेवली.

मग प्रत्येक पेपरला जायला लागले. दुकानात शिरण्याआधी बांगड्या काढून पर्समध्ये टाकायचे, कारण त्या गिटारच्या अंगावर वाजायच्या आणि गावंडभाऊंना चरे चालत नसत. सुईत दोरा ओवताना धरतो तसा एक डोळा मिटून दांडा बघायला शिकले. तो सरळ हवा, पिळलेला नको. तारा पट्ट्यांपासून किती उंच आहेत ते बघायला शिकले. फार उंच असल्या तर दाबताना बोट कापतं, फार खाली असल्या तर सूर पत्र्यासारखा तडतडतो. एकेका तारेवर एकेक घर, म्हणजे दोन पट्ट्यांमधली जागा, दाबत वर जायचं, सगळीकडे. गावंडभाऊ यात कंटाळा चालू देत नसत. एका हिरव्या गिटारवर सगळं छान चाललेलं असताना अचानक एका घरात 'थप्' असा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा थप्.

"इथं सूर मेलाय," ते हळू म्हणाले. घरात कुणी गेल्यावर बोलतात तसं.

खुंट्या फिरवून बघायच्या. तार ओढून सोडली तर सूर जागेवर परत येतो का, ऐकायचं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का, वायर हलवली की आवाज जातो का. पट्ट्याने गिटार गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडायचे. काही गिटारींचा दांडा धप्पकन खाली जातो. "मान टाकनारी घेवची नाय," ते म्हणायचे. "पोरगा वाजवील का तिची मान धरून बसंल?" आणि एक गोष्ट मला सगळ्यांत आवडली होती. गिटार अॅम्प्लिफायरला जोडली की ती आपली आपण गुणगुणते, ट्यूबलाइटसारखी. तारांवर नुसता हात ठेवला की गप्प होते. वायरिंग नीट आहे याची ती खूण. मी पुन्हापुन्हा हात ठेवायचे, काढायचे. पर्समध्ये फोन, फोनवर सासूबाईंचे मेसेज, बाहेर बोर्डाची परीक्षा, आणि मी एसीत उभी राहून एका लाकडाला शांत करत होते. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि तो चोरून होत होता.

गावंडभाऊ मुलाबद्दल विचारायचे. गिटार हाताला बसायची तर हात माहीत हवा ना.

"पंजा केवडा हाय त्याचा?"

"बोटं लांब आहेत," मी म्हणाले. "माझ्याहून पेरभर लांब. पण नखं खातो."

"नखं खाल्लेली बरी. तारेला मधी येत नाय. सभाव कसा?"

"पटकन चिडतो. पण एकदा बसला की उठत नाही. जेवायला हाक मारली तरी."

"नाव काय म्हनलात?"

"निनाद."

ते नाव कुठून आलं, हे मला बोलल्यानंतर आठवलं. सई होण्याआधी आम्ही दोघांनी दोन नावं ठरवली होती. मुलगी झाली तर सई, मुलगा झाला तर निनाद. मला वाटत होतं ते दुसरं नाव मी कधीच विसरले. पुढे सई सात-आठ वर्षांची असताना विलासने ही गोष्ट तिला गंमत म्हणून सांगितली होती, आणि ती खूप हसली होती. "बरं झालं, मी निनाद नाही," असं म्हणाली होती.

लांब बोटं सईची होती. नखं सई खाते. चिडते सई, आणि एकदा बसली की जेवायला उठत नाही तीही सईच. मला दुसऱ्या कुठल्या मुलाची माहिती कुठे होती?

फिजिक्सच्या दिवशी मला उशीर झाला. एका फिक्या पिवळसर गिटारवर मी अडकले होते. रंग कुणाला आवडू नये असा, जुन्या कॉटनच्या चादरीसारखा, पण तिचा दांडा हातात असा बसत होता की सोडवेना. धावत गेटवर पोचले तर गर्दी पांगली होती आणि सई उन्हात एकटी उभी. डोळे सुजलेले.

"कुठे होतीस?"

"बाजारात गेले होते गं."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. पिशवी रिकामी होती. दोन मोठे प्रश्न सुटले नव्हते तिचे, आणि ते सांगायला समोर कुणी नव्हतं. बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं तेव्हा मला वाटलं, माझ्या अंगाला पॉलिशचा वास येत असणार.

पुढच्या पेपरला मी झाडाखालीच बसून राहिले. पण त्याच्या पुढच्या पेपरला पुन्हा गेले, आणि गावंडभाऊंनी विचारल्यावर तेही सांगितलं, की त्याला फिजिक्स जड गेला, खूप रडला बिचारा. त्यांनी 'च्च' केलं. "त्याला सांगा, परीक्षा झाली का इथं ये. त्याच्यासाटी एक निली बाजूला ठेवलीय. तारा खाली घेतल्यात, कडा घासल्यात. पोराचा मन लागंल."

शेवटचा पेपर बायोलॉजीचा. सई हसतच बाहेर आली. परीक्षा संपली होती. तिला उसाचा रस प्यायचा होता, मैत्रिणीसाठी काहीतरी घ्यायचं होतं, पायी भटकायचं होतं. ती पुढे, मी मागे. ती कुठल्या गल्लीत वळते आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. गावंडभाऊ दुकानाबाहेर उभे राहून ढोलक्यांवरची धूळ झटकत होते.

"ओ म्याडम! झाली काय परीक्षा? कुठं हाय निनाद?"

सई थांबली.

"ही बहीन काय त्याची?" त्यांनी तिच्याकडे बघून तोंडभर हसून विचारलं. "तुज्या भावाची गिटार तयार हाय बरं. तुजी आई रोज येते त्याच्यासाटी. फिजिक्सचा टेन्शन घेऊ नको म्हनावा त्याला. लांब बोटांचा पोरगा, नखं खातो, रागीट हाय, पन बसला का उठत नाय. असाच पोरगा शिकतो! सांग त्याला."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि शांतपणे म्हणाली, "हो काका. सांगते त्याला."

तिने मला वाचवलं. आजही मला त्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते. खोट्यात मी तिला भागीदार केलं, आणि तिने विचारलंसुद्धा नाही.

रस तिने घेतला नाही. बसमध्ये खिडकीशी बसली. पाम बीच रस्त्यावर खाडीचा वारा येत होता, दूर चिखलात फ्लेमिंगोंचा फिका पट्टा दिसत होता, आणि मी तो तिला दाखवावा की नाही याचा विचार करत होते, इतकी मी घाबरले होते.

"गिटार कुणासाठी?" तिने विचारलं.

"माझ्यासाठी."

"मग तसं सांगायचं ना."

"लाज वाटली."

तिने खिडकीची काच थोडी लोटली. मग म्हणाली, "आई, तुला मुलगा हवा होता का?"

"नाही गं!" मी इतक्या घाईने म्हणाले की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

"मग मुलगी वाजवते म्हणायचंस. तुला मुलगी आहे. बारावीला आहे. तिचाच पेपर होता." तिचा आवाज चढला नव्हता. "तू त्याला माझं सगळं दिलंस. माझा फिजिक्सचा पेपर पण. माझी बोटं पण."

मी मनातल्या मनात सगळे कोनाडे शोधत होते. हवा होता का मला मुलगा? नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मग माझी मान का हलली? दुकानदाराने 'पोरगा' म्हटलं, आणि 'पोरगी' म्हणून दुरुस्त करायला एक अक्षर पुरलं असतं. आवाज करणारं, अंगावर लटकवायचं, मोठ्याने वाजवायचं काहीतरी हवं असणारा माणूस म्हणजे मुलगाच असणार, हे त्यांनी धरलं आणि मीही धरलं. हळदीकुंकवातला माझा तोरा साडीसारखाच होता. वरून नेसलेला. आत काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

उतरताना मी तिला म्हणाले, "बाबांना सांगू नकोस." हे तर मी अजिबात बोलायला नको होतं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी स्टॉपपासून तिच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालले.

विलासला मीच सांगितलं. तो कामावरून आला होता, कपड्यांना पावण्याच्या कारखान्यांचा औषधी, केमिकलचा वास. मला वाटलं होतं तो हसेल. तो सोफ्यावर बसून राहिला.

"निनाद?" तो म्हणाला. "नाव लक्षात होतं तुझ्या?"

"तुझ्या?"

"माझ्या पण होतं."

आम्ही दोघं सईच्या बंद दाराकडे बघत बसलो. 'आम्हाला पुरे' असं जिच्यासाठी म्हटलं होतं, ती आत कानाला हेडफोन लावून सीईटीचा अभ्यास करत होती.

सईने घर डोक्यावर घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखी जेवायची, बोलायची, फक्त माझ्यासमोर बोटं तोंडात घालेनाशी झाली. नखं वाढायला लागली तिची. मला ती वाढलेली नखं बघवत नसत.

एका शनिवारी मी दुकानात गेले. कॉलेजची दोन मुलं आत गिटारी बघत होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, आणि मग वाटलं की नाही, पुन्हा आडोसा शोधायचा नाही.

"गावंडभाऊ, मला मुलगा नाही. निनाद नावाचं कुणी नाही. मुलगी आहे, ती तुम्हाला भेटली. गिटार मला शिकायचीय."

दोन्ही मुलांनी वळून पाहिलं. गावंडभाऊंची बोटं काउंटरवर थांबली. मला वाटलं होतं ते हसतील, किंवा म्हणतील जाऊ द्या. त्यांचा चेहरा पडला.

"मंग मी एवडा कोनाला सांगत होतो?" ते म्हणाले. "घरी बायकोला पन सांगितला त्याच्याबद्दल. परीक्षा झाली का येनार म्हनून."

"माझी चूक झाली."

"मना सांगायचा होता. बाईमानूस वाजवील म्हनून मी हसलो असतो काय?" त्यांना राग आला होता, खरा राग. मग त्यांची नजर बाजूला ठेवलेल्या त्या निळ्या गिटारकडे गेली. "पन मीच इचारला ना, पोरगा वाजवतो काय म्हनून. तुमाला बघून माज्या पन डोक्यात तुमी आल्या नाय."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी भिंतीवरून तीन गिटारी काढून टॉवेलवर ठेवल्या आणि हात मागे बांधले. "निवडा. मी काय बोलनार नाय."

त्या मुलांसमोर मी बांगड्या काढल्या. डोळे मिटून कडा तपासल्या. एक डोळा मिटून दांडे पाहिले. एकेक घर दाबत वर गेले, आणि घाईत बोट नीट न दाबल्यामुळे चांगले सूरसुद्धा तडतडले, मग पुन्हा सुरुवात केली. त्यातल्या एका मुलाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. माझे कान इतके तापले की एसीचं वारं त्यांना लागत होतं ते कळत होतं. पण एकीत मला मेलेला सूर सापडला. दुसरीने गळ्यात घालताच मान टाकली. तिसरी ती फिकी पिवळसर होती. तिच्या वायरच्या भोकाजवळ एक चरा होता, एक खुंटी जड फिरत होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"रंग चांगला नाय," गावंडभाऊ म्हणाले.

"रंगावर जाऊ नका म्हणाला होतात."

ते थोडंसं हसले. बाजूला ठेवलेली निळी गिटार त्यांनी पुन्हा भिंतीवर टांगली.

सई आता नाशिकला फार्मसी करते. तिच्याशी माझं रोज बोलणं होतं. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. मी त्याचं उत्तर अनेकदा मनात जुळवलं, फोन हातात घेतला, आणि मेसची भाजी कशी होती ते विचारलं. काही गोष्टी बोलून मिटत नाहीत, असं मी स्वतःला सांगते, आणि हेही मला माहीत आहे की ते सांगणं सोयीचं आहे.

पण त्या एप्रिलमधली एक संध्याकाळ मला ठेवून द्यावीशी वाटते. गिटार घरी येऊन थोडेच दिवस झाले होते. मी बेडरूमचं दार लावून पलंगाच्या कडेवर बसले होते. छोटा अॅम्प खुर्चीवर, आवाज अगदी बारीक. बाहेर हॉलमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी विलासशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत चहा पीत होते. सई आत आली. दार लोटून माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"वाजव," ती म्हणाली.

"अगं, बाहेर लोक आहेत."

"वाजव ना."

मी वाजवलं. चार साधे सूर, एकापाठोपाठ एक. दुसऱ्यावर बोट घसरलं, तिसरा तडतडला, चौथ्याला मी दोनदा चुकले. सई हसली नाही, वा म्हणाली नाही. माझ्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली. टोकांना तारांच्या खाचा पडल्या होत्या, एकाची साल निघाली होती.

"किती वाईट वाजवतेस गं आई."

"हो," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं, पण लाजेने जीव अर्धा झाला नाही. वाईट वाजवते याची लाज वाटत होती. तेवढीच.

ती उठली. अॅम्पचं बटण थोडं पुढे फिरवलं, माझ्याकडे न बघता बाहेर गेली, आणि जाताना दार पूर्ण उघडं ठेवून गेली. हॉलमधलं बोलणं थांबलं. सेक्रेटरींनी मान वाकडी करून आत पाहिलं, कप तसाच हातात. मी त्यांना दिसत होते. कान तापले, मान तापली.

उठून दार लावता आलं असतं. मी पहिल्या तारेवर बोट ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली.